धुळ्याचा आहे, मुंबईत बँकेत मार्केट रिस्क क्वांट (बाजारातल्या जोखमीचं गणित मांडणारा) आहे, इथून ट्रेडिंग डेस्कवर जाता येईल का?

जाता येतं भाऊ, पण एकदम उडी मारून फार कमी जणांना जमतं. मिडल ऑफिसमधले, म्हणजे तुझ्यासारखे डेस्कची जोखीम आणि हिशोब तपासणारे, सगळे रोल सारखे नसतात, मॉडेल व्हॅलिडेशनवाल्याचं (मॉडेलं बरोबर आहेत का ते तपासणाऱ्याचं) गणित पक्कं असतं पण तो डेस्कपासून लांब, उलट प्रॉडक्ट कंट्रोलमधे डेस्कचा पी अँड एल (नफा-तोटा) कशामुळे झाला ते एक्सप्लेन करणारा माणूस ट्रेडरशी रोज बोलतो, काल पैसा डेल्टामुळे (भाव हलल्याने) आला की व्हेगामुळे (अपेक्षित चढउतार बदलल्याने) की नुसता थीटा (वेळ गेल्याचा परिणाम) होता हे त्याला कळतं, आणि जागा निघाली की ओळखीचंच नाव आधी आठवतं. म्हणून आधी डेस्क क्वांट किंवा स्ट्रॅट (ट्रेडरसोबत बसून मॉडेल आणि कोड लिहिणारा), मग ट्रेडिंग, हा रस्ता मला जास्त खरा वाटतो.

परदेशी बँक असेल तर इथलं बरंचसं काम लंडन-न्यूयॉर्कच्या डेस्कला सपोर्टचं असतं, तिकडे बदली मिळते का ते मॅनेजरला स्पष्टच विचार. प्रॉप फर्मला (स्वतःच्याच पैशाने ट्रेडिंग करणाऱ्या कंपनीला) प्रोबॅबिलिटी, कोडिंग आणि झटपट हिशोब लागतो, तिथे व्हॅल्यू ॲट रिस्कचे (किती तोटा होऊ शकतो त्याच्या अंदाजाचे) रिपोर्ट कोणी विचारत नाही.

आणि एक प्रॉडक्ट धर. आपल्या खान्देशात कापूस आणि सोन्याचे भाव लहानपणापासून कानावर असतात, दोन्ही एमसीएक्स या कमोडिटी एक्स्चेंजवर आहेत, तर हजर भाव आणि फ्युचरमधला (पुढच्या तारखेच्या सौद्याच्या भावातला) फरक रोज लिहून ठेव, का बदलला तेपण लिही, इंटरव्ह्यूत "एखादा ट्रेड सांग" म्हणतात तेव्हा हेच कामी येतं. फक्त स्वतःच्या खात्यावर ऑप्शन घेण्याआधी बँकेच्या कंप्लायन्सची परवानगी घे, नाहीतर नोकरी जाऊ शकते.