फ्लोरिडात घर घेताय? विम्याचे कायदे बदललेत, आता कागद तुम्हालाच सांभाळायचेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीहून टॅम्पाला बदली होतेय, २००४ साली बांधलेलं एक घर पसंत पडलंय, पण विम्याची कोटेशनं पाहून धडकी भरलीय. त्यात ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की नवे कायदे आल्यापासून फ्लोरिडात विमा कंपनीला कोर्टात खेचताच येत नाही. मग विमा घ्यायचा कुणाचा, आणि क्लेम मिळेल याची खात्री काय?

मी वकील नाही. पण बरीच वर्षं इथे क्लेमच्या कामात होतो. आपली शिकलेली, पै-पैचा हिशेब ठेवणारी माणसं घरविम्याची पॉलिसी मात्र न वाचता सही करतात आणि वादळानंतर हवालदिल होतात, हे पाहून जीव तुटतो. म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी न्यू जर्सीचा अनुभव बाजूला ठेवा. भारतात विम्याला देशभर एकच नियामक आहे, इथे तसं नाही. १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्याचं नियमन राज्यांकडे राहिलं, त्यामुळे दर, अटी, क्लेमच्या मुदती आणि कोर्टातले हक्क हे सगळं राज्य बदललं की बदलतं. फ्लोरिडात तर ते गेल्या काही वर्षांत दोन-तीनदा मुळापासून बदललंय.

कोर्टात जाता येत नाही, हे खरं नाही. जाता येतं. बदललंय ते वकिलाचे पैसे कोण देणार, हे. फ्लोरिडात १८९३ पासून असा कायदा होता की विमा कंपनीविरुद्ध ग्राहक जिंकला तर त्याच्या वकिलाची फी कंपनीने द्यायची, आणि कंपनी जिंकली तर ग्राहकाकडून काही घ्यायचं नाही. एकतर्फी फीचा नियम म्हणतात तो हाच. यामागचा विचार मला आजही पटतो. वीस हजार डॉलरच्या छपरासाठी तीस हजार डॉलरचा वकील कोण लावेल? कंपनीकडे वकिलांची फौज असते, घरमालकाकडे काय असतं?

पण पुढे याच नियमावर एक धंदा उभा राहिला. वादळ किंवा गारपीट झाली की छपरवाले दारोदार फिरायचे: तुमचं छप्पर फुकट बदलून देतो, फक्त इथे सही करा. त्या कागदाने क्लेमचे हक्कच त्यांच्या नावावर व्हायचे. मग ते कंपनीला फुगवलेलं बिल लावायचे, कंपनीने नाही म्हटलं की खटला, आणि थोडीफार जास्त रक्कम मिळाली तरी वकिलाची पूर्ण फी कंपनीकडून. घरमालकाला अनेकदा आपल्या नावाने खटला चाललाय हेसुद्धा माहीत नसायचं.

कोर्टाच्या निकालांनी त्यात भर घातली. २०१६ च्या सीबो खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की नुकसानीची कारणं अनेक असतील, आणि त्यातलं एक पॉलिसीत बसत असेल, तर भरपाई मिळू शकते. सदोष बांधकामाचं घर वादळात पडलं, तर केवळ ‘बांधकाम सदोष होतं’ म्हणून कंपनीला हात झटकता येईना. ग्राहकाच्या बाजूने हा मोठा निकाल होता. २०१७ च्या जॉइस खटल्यात त्याच न्यायालयाने वकिलाच्या फीला गुणक लावायची वाट सोपी केली. म्हणजे तासांच्या हिशेबाने जी फी होईल, तिच्या दीडपट-दुप्पट. कंपन्यांची ओरड तिथून वाढली.

राज्य सरकारने २०२२ मध्ये मांडलेला आकडा इथल्या प्रत्येक एजंटला पाठ आहे: देशातल्या घरविम्याच्या क्लेमपैकी फ्लोरिडातले ९ टक्के, पण देशातल्या घरविम्याच्या खटल्यांपैकी ७९ टक्के. त्याच वर्षी राज्यातल्या अर्धा डझन विमा कंपन्या बुडाल्या, सप्टेंबरच्या शेवटी इयन वादळ आलं, आणि डिसेंबरात विधिमंडळाने विशेष अधिवेशनात एसबी २-ए हा कायदा केला. मालमत्तेच्या विम्यातला एकतर्फी फीचा नियम गेला. १ जानेवारी २०२३ पासून दिलेल्या पॉलिसींवरचे हक्क कंत्राटदाराच्या नावावर करून देणंही बंद झालं. मार्च २०२३ मध्ये एचबी ८३७ या कायद्याने तो फीचा नियम बाकीच्या विम्यांमधूनही काढला आणि निष्काळजीपणाच्या दाव्याची मुदत चार वर्षांवरून दोनवर आणली. गाडीच्या अपघातात मार लागला तर ही दोन वर्षांची मुदत तुम्हालाही लागू आहे.

याचा गुण आला का? बाजारापुरता आला. नव्या कंपन्या राज्यात आल्या, दरवाढीचा जोर ओसरला, आणि सिटिझन्स या सरकारी विमा कंपनीच्या पॉलिसी २०२३ मधल्या १४ लाखांच्या वरून दहा लाखांच्या खाली उतरल्या. पण ही गोष्ट अर्धीच आहे. कंपन्या फक्त वकिलांमुळे बुडत होत्या, हे मला मान्य नाही. इयननंतर कंपन्यांसाठी काम केलेल्या काही अ‍ॅडजस्टरांनी (म्हणजे घर तपासून नुकसानीचा अंदाज लिहिणाऱ्यांनी) विधिमंडळासमोर येऊन सांगितलं की आम्ही लिहिलेले नुकसानीचे अहवाल नंतर बदलून रकमा कमी केल्या गेल्या. आणि २०२५ मध्ये राज्याच्या विमा खात्यानेच करवून घेतलेला एक जुना अभ्यास बाहेर आला: कंपन्या तोटा दाखवत होत्या त्या काळात पैसा त्यांच्याच भगिनी कंपन्यांकडे फीच्या रूपाने जात होता. त्यावर विधिमंडळात सुनावण्या झाल्या. छपरवाल्यांची लूट बंद करायलाच हवी होती, पण ती करताना सामान्य घरमालकाच्या हातातलं एकमेव हत्यारही काढून घेतलं गेलं. मला हा अन्याय वाटतो.

आता तुमच्या कामाचं. भांडण महाग झालंय. तुमचा क्लेम लाखभर डॉलरचा असेल तर टक्केवारीवर काम करणारा वकील मिळेल, पण त्याचा वाटा तुमच्याच रकमेतून जाईल. दहा-पंधरा हजारांच्या वादाला चांगला वकील हातही लावणार नाही. म्हणजे तुमची बाजू वादळ येण्याआधीच कागदावर भक्कम असायला हवी.

त्यासाठी मुदती पाठ करा. नव्या कायद्याने नुकसान कळवायला एक वर्ष मिळतं. आधीच्या क्लेममध्ये पुढे सापडलेल्या जादा नुकसानीसाठी दीड वर्ष. पूर्वी हीच मुदत दोन आणि तीन वर्षांची होती. चक्रीवादळ असेल तर ही घड्याळं वादळ किनाऱ्याला धडकलं त्या दिवसापासून चालू होतात, तुम्हाला छतावर डाग दिसला त्या दिवसापासून नाही. माळ्यावरचं ओलं इन्सुलेशन वर्षभर कुणाला दिसत नाही आणि मग मुदत संपलेली असते. म्हणून प्रत्येक मोठ्या वादळानंतर, घराला काही झालेलं दिसत नसलं तरी, छप्पर आणि माळा बघून घ्या. कंपनीच्या मुदतीही आवळल्यात: क्लेम कळवल्यावर सात दिवसांत पोच, आणि साठ दिवसांत पैसे किंवा नकार. पूर्वी नव्वद होते. हा मात्र ग्राहकाच्या फायद्याचा बदल, म्हणून प्रत्येक संभाषणानंतर तारखेसह ईमेल टाकत जा.

नकार आला किंवा रक्कम फारच कमी वाटली, तर थेट वकिलाकडे धावू नका. राज्याच्या वित्त सेवा विभागाची मध्यस्थीची योजना आहे आणि तिचा खर्च कायद्याने कंपनीवर आहे. त्या टेबलावर निम्मे वाद मिटू शकतात, पण लोकांना ती योजनाच माहीत नसते. खटला करायचाच ठरलं तर किमान दहा कामकाजाचे दिवस आधी ठरलेल्या पद्धतीने नोटीस द्यावी लागते. ती चुकली तर खटला तिथेच अडतो.

तुमच्या घराविषयी एक चांगली गोष्ट सांगतो. १९९२ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅण्ड्रू वादळाने मायामीच्या दक्षिणेची वस्ती सपाट केली, त्यानंतर राज्याने बांधकामाचे नियम कडक केले, आणि राज्यभर एकच बिल्डिंग कोड मार्च २००२ पासून लागू झाला. तुमचं घर त्यानंतरचं आहे, म्हणून प्रीमियममध्ये सवलत मिळू शकते. पण ही सवलत आपोआप मिळत नाही. विंड मिटिगेशनची, म्हणजे घर वाऱ्याला किती टिकेल याची, तपासणी करून घ्या. छप्पर भिंतीला कसं बांधलंय, त्याचा आकार कोणता, खिडक्यांना शटर आहेत का, हे तपासनीस ठरावीक फॉर्ममध्ये लिहितो. तो फॉर्म दिल्याशिवाय आलेली कोटेशनं खरी मानू नका. तुम्ही घाबरलात त्या आकड्यात ही सवलत धरलेली आहे का, हे एजंटला आजच विचारा.

छप्पर कधीचं आहे तेही विचारा. मूळचं, म्हणजे २००४ चंच असेल, तर घासाघीस तिथे करा. २०२२ च्या मे महिन्यातल्या कायद्याने पंधरा वर्षांच्या आतलं छप्पर केवळ वयावरून नाकारता येत नाही. त्याहून जुनं असेल तर तपासणी करून घ्यायची संधी द्यावी लागते, आणि अजून पाच वर्षं टिकेल असा अहवाल आला तर वयाचं कारण चालत नाही. पण त्याच कायद्याने कंपन्यांना छपरासाठी वेगळं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतली तुम्ही स्वतः भरायची रक्कम, ठेवायचीही मुभा दिली. स्वस्त कोटेशनमध्ये बहुतेक वेळा हेच दडलेलं असतं. छप्पर नव्या किमतीला भरून मिळणार की घसारा वजा करून, ही ओळ शोधून वाचा.

चक्रीवादळाचं डिडक्टिबल तर वेगळं असतंच, आणि ते बहुधा घराच्या विम्याच्या रकमेच्या टक्क्यांत असतं. घराचा विमा पाच लाख डॉलरचा असेल तर २ टक्के म्हणजे पहिले दहा हजार डॉलर तुमचे. १० टक्के घेतलं तर प्रीमियम छान दिसतो, पण पहिले पन्नास हजार तुमचे. एवढे पैसे बाजूला आहेत का, हे आधी नवरा-बायकोने बसून ठरवा.

आणि पूर! यावर मी पुन्हा पुन्हा बोलतो, कारण २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळाने टॅम्पा बेच्या किनारी वस्त्यांत समुद्राचं पाणी घातलं, तेव्हा कितीतरी लोकांच्या हातात फक्त घराची पॉलिसी होती. वाऱ्याने छप्पर उडालं तर घराचा विमा. समुद्र किंवा ओढा दारातून आत आला तर पुराचा वेगळा विमा. संघराज्याच्या पूरविम्यात घरासाठी कमाल अडीच लाख आणि सामानासाठी एक लाख डॉलर मिळतात. एरवी तीस दिवस थांबावं लागतं, पण कर्जासह घर घेतानाच काढला तर ते थांबणं नसतं. नकाशात तुमचं घर ‘कमी धोक्याच्या’ पट्ट्यात असलं तरी घ्या. तिथे तो तुलनेने स्वस्त असतो.

आता कंपनी कोणती. नाव सांगणार नाही, कारण दरवर्षी चित्र बदलतं. पण हे बघा: इथल्या बऱ्याच कंपन्या फक्त फ्लोरिडात धंदा करतात आणि त्यांना डेमोटेक नावाची संस्था आर्थिक दर्जा देते. तो ‘ए’ च्या खाली असेल तर तुमची कर्ज देणारी बँकच नाही म्हणेल. सिटिझन्सचं कोटेशन स्वस्त आलं तर हुरळू नका. खासगी कंपनीचा प्रस्ताव त्यांच्या प्रीमियमच्या २० टक्क्यांच्या आत असेल तर तुम्ही तिथे पात्रच नाही, आज घेतलंत तरी नूतनीकरणाला दुसऱ्या कंपनीकडे ढकललं जाऊ शकतं, आणि मोठ्या वादळात त्यांची गंगाजळी आटली तर अधिभार आधी त्यांच्याच ग्राहकांवर बसतो. शिवाय त्यांच्या पॉलिसीत वाद कोर्टाऐवजी प्रशासकीय न्यायाधीशापुढे नेण्याचं कलम आहे. २०२५ मध्ये तुमच्याच हिल्सबरो काउंटीतल्या न्यायाधीशाने त्याला तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि ते प्रकरण वरच्या न्यायालयात गेलं.

खासगी कंपन्याही सक्तीच्या लवादाचं कलम थोड्या सवलतीच्या बदल्यात देतात. ते कलम घ्यायचं की नाही, हे ऐच्छिक आहे. माझा सल्ला: घेऊ नका. कोर्टाचा रस्ता महाग झालाय म्हणून तो शेदोनशे डॉलरसाठी विकून टाकायचा नसतो.

घराच्या किल्ल्या मिळाल्या की सामान लावण्याआधी प्रत्येक खोलीचा, छताचा, माळ्याचा, एसीचा आणि वॉटर हीटरचा व्हिडिओ काढा आणि घराबाहेर कुठेतरी साठवा. दरवर्षी १ जूनला वादळांचा मोसम सुरू होतो, त्याआधी तो नव्याने काढा. नवी कोटेशनं आली की सगळी इथे टाका, फक्त नाव-पत्ता झाकून. छपराची आणि डिडक्टिबलची ओळ एकत्र बसून वाचू.