इंग्रजीत बकवासला 'बंक' म्हणतात, तो शब्द आला कुठून?
'बंक' म्हणजे निव्वळ बकवास, पोकळ बडबड. हे 'बंकम'चं आखूड रूप, आणि बंकम आला अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या बंकम काउंटीवरून. १८२० साली मिझुरीला राज्याचा दर्जा द्यायचा का, यावर अमेरिकेच्या संसदेत वाद रंगला होता. बाकीचे सदस्य कंटाळून 'मतदान घ्या' म्हणून ओरडत असताना बंकम भागाचे प्रतिनिधी फेलिक्स वॉकर भाषणाला उभे राहिले आणि हटेचनात. मला बंकमसाठी बोलायचंय, म्हणाले. थोडक्यात, भाषण सभागृहासाठी नव्हतंच, गावाकडच्या मतदारांसाठी होतं (ओळखीचं वाटतंय ना?). पुढे असल्या दिखाऊ भाषणबाजीलाच बंकम म्हणू लागले, स्पेलिंगही बदललं. 'डीबंक' (एखाद्या दाव्यातला खोटेपणा उघडा पाडणं) हे क्रियापद यातूनच निघालं. कॉलेजातलं लेक्चर बंक करणं मात्र वेगळं, त्याचा या बंकमशी संबंध नाही.