सीटबेल्ट : पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहा

प्रश्न : मोटार नऊ वर्षांची आहे. चालकाचा पट्टा सोडला की तो आत न जाता दारात लोंबतो. पट्टा गुंडाळणारे रीळ बदलावे का?

उत्तर : इतक्यात नको. दाराशेजारच्या खांबावर पट्टा ज्या कडीतून जातो, तिच्यात घाम आणि धुळीचा चिकट काळपट थर साचतो आणि बहुतेक वेळा पट्टा तिथेच अडखळतो. कडी ओल्या फडक्याने पुसावी, पट्टा शेवटपर्यंत ओढून कडीपाशी कपड्यांचा चिमटा लावावा आणि सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने तो पुसून, सावलीत पूर्ण वाळल्यावरच आत सोडावा. ब्लीच आणि रंग वर्ज्य, कारण त्यांनी धागे कमजोर होतात.

पट्टा बाहेर आहे तोवर दोन्ही कडांवरून बोट फिरवावे, कारण दारात चेंगरलेल्या पट्ट्याची कड आधी हाताला लागते, डोळ्यांना नंतर दिसते. चीर, उसवलेली शिवण किंवा सिगारेटचे भोक आढळले, तर पट्टा बदलावाच. बॅगा शिवणाऱ्याकडून तो शिवून घेतलेला मी पाहिला आहे, पण त्या टाक्यांवर जीव टांगू नये.

प्रश्न : मेकॅनिकने रीळ काढून हातात धरले, तर पट्टा बाहेरच येईना. रीळ जाम आहे का?

उत्तर : बहुधा नाही. अनेक रिळांत एक छोटी गोळी असते. गाडी जोरात थांबली वा कलंडली की ती सरकते आणि दातेरी चाक अडवते. हातातले तिरके रीळ म्हणूनच अडकते. ते गाडीतल्याच कोनात धरून पट्टा सावकाश ओढावा, मग झटका द्यावा : आधी सुटायला हवा, नंतर अडायला हवा.

प्रश्न : गाडी समोरून आदळली, पण एअरबॅग उघडल्या नाहीत. पट्टे चांगले दिसतात. बदलावेत का? भंगार बाजारातले चालतील का?

उत्तर : अपघाताच्या वेळी जे पट्टे कोणी लावलेले होते, ते बदलावेत. जोराच्या धक्क्यात पट्टा ताणला जातो, आणि तो घट्ट आवळणारा प्रीटेन्शनर एअरबॅग न उघडताही उडू शकतो; त्यातली स्फोटक दारू एकदाच पेटते. बकलात अडकणाऱ्या पट्टीचे आणि कडीचे प्लास्टिक घासून वितळल्यासारखे दिसले, तर शंकेला जागाच उरत नाही. एअरबॅगचा दिवा सतत पेटलेला राहणे हीही प्रीटेन्शनर उडाल्याची खूण असू शकते. भंगारातला पट्टा स्वस्त असतो, पण तो कोणत्या धडकेतून आला हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. बकलासह नवा संच घ्यावा. काम करणाऱ्याने बॅटरी सोडून पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच) आवळावेत.

प्रश्न : पट्टा न लावल्याचा इशारा देणारा आवाज बंद करण्यासाठी बकलात नुसती क्लिप ठेवत होतो. आता पट्टा लावताना ‘खट्’ वाजत नाही.

उत्तर : टॉर्चने बकलात पाहावे, नाणे किंवा बिस्किटाचा चुरा असेल, तर व्हॅक्यूमने ओढून काढावा, तेल मात्र सोडू नये. तरीही खटका बसला नाही, तर बकल बदलावे. अशा क्लिपा विक्रीतून काढण्याचे आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना दिले होते. आपलीही काढून टाकावी.