'रामधनू' हा बंगाली चित्रपट 'हिंदी मीडियम'सारखाच आहे का? मुलीच्या नर्सरी प्रवेशाच्या धावपळीत तो पाहावा का?

पाहा. टेन्शन कमी होणार नाही, थोडं वाढेलच, तरी पाहा. तुमचे मिस्टर 'हिंदी मीडियम पाहिलाय, तेच पुन्हा कशाला' म्हणतात असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांना शेजारी बसवूनच पाहा.

सारखेपणाचं आधी उरकतो. 'रामधनू' 2014चा, नंदिता रॉय आणि शिबोप्रसाद मुखर्जी या दिग्दर्शक जोडीचा. 'हिंदी मीडियम' 2017चा. दोन्हींची गोष्ट पोराच्या शाळाप्रवेशासाठी धडपडणाऱ्या आईबापांची. त्या वेळी या जोडीने हिंदीवाल्यांना नोटीस पाठवली होती आणि त्यांनी नक्कल केल्याचं नाकारलं होतं. इंग्रजीत अडखळणारा दुकानदार बाप, हट्टाला पेटलेली आई आणि आईबापांनाच मुलाखतीसाठी घडवणारी बाई दोन्हीकडे आहेत. पण 'हिंदी मीडियम'मध्ये इरफान खानने केलेला बाप कपड्यांचा बडा व्यापारी. पैशाची ददात नाही, म्हणून ती गोष्ट गरिबीचं सोंग आणि खासगी शाळांतल्या गरीब मुलांसाठीच्या पंचवीस टक्क्यांच्या कोट्याकडे वळू शकते. कोलकात्याच्या लाल्टू दत्तचं औषधांचं दुकान आहे. सोंग घ्यायला त्याला ना वर जागा, ना खाली.

हा लाल्टू (खुद्द शिबोप्रसादने केलाय) हसवतो खूप. मला मात्र त्याच्या वयाचा विचार सुटेना. डाव्या आघाडीच्या सरकारने 1980च्या दशकात बंगालच्या सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढलं. ते सहावीत सुरू व्हायचं. मूल मातृभाषेत शिकावं, इंग्रजीच्या धास्तीने शाळा सोडू नये, हा हेतू वाईट नव्हता. पहिलीपासून इंग्रजी परत आलं ते 2004मध्ये. मधल्या काळात ज्यांना परवडलं त्यांनी पोरं खासगी इंग्रजी शाळांत घातली, उरलेल्यांचे लाल्टू झाले. 2014मध्ये लहान मुलाचा बाप असलेला माणूस नेमका त्याच वर्षांत शाळेत होता. हा अर्थ मी लावलेला, पण तो लावला की लाल्टूच्या इंग्रजीला हसणं जड जातं. आपल्याकडेही 2000पर्यंत मराठी शाळांत इंग्रजी पाचवीला यायचं, तेव्हा तुमच्या मिस्टरांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

लाल्टूची बायको मिताली, म्हणजे गार्गी रॉयचौधरी, हिच्यावर राग येतो, आणि तो यावा अशीच ती लिहिली आहे. मूळ कथा सुचित्रा भट्टाचार्य यांची. त्यांच्याच लेखनावरून याच जोडीने 2011मध्ये 'इच्छे' केला होता. त्यातली आई मुलाचं सगळं आयुष्यच स्वतःच्या मुठीत ठेवू बघते. तो जास्त कडवट आहे आणि माझ्या मते जास्त चांगलाही. 'रामधनू' मध्येमध्ये उपदेश करायला लागतो. प्रशिक्षण देणारी बाई झालेल्या रचना बॅनर्जी आता हुगळीच्या खासदार आहेत, हे जाता जाता.

एवढ्याशा पोराची मुलाखत कायद्यात बसते का, असा प्रश्न पाहताना पडेलच. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 13 प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला मनाई करतं. दंड पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत, नंतर दर वेळी 50 हजारांपर्यंत. पण मे 2014मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याबाहेर ठेवल्या, आणि कोलकात्यात ज्या शाळांसाठी आईबाप जीव टाकतात त्यांतल्या बऱ्याच मिशनरी, म्हणजे अल्पसंख्याक संस्थांच्याच, आहेत. शिवाय कायदा सहा ते चौदा वयाचा, त्यामुळे नर्सरीचं पोर त्यात धड बसत नाही. तुम्ही यादीत लिहिलेल्या शाळा कोणत्या प्रकारात मोडतात ते एकदा बघून घ्या.

'रामधनू' आवडला तर 'हामी' (2018) आहे. जोडी तीच, लाल्टू-मिताली ही नावंही तीच, गोष्ट निराळी. तो मात्र इतक्यात नको. प्रवेश मिळाल्यानंतर आईबाप कशाकशाला घाबरतात, ते त्यात आहे.