मालवेअर गेले, इंटरनेटही गेले

प्रश्न : अँटिव्हायरसने मालवेअर काढल्यापासून वायफाय जोडलेले दिसते, पण ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नाही. विंडोज नव्याने टाकावे का?

उत्तर : इतकी घाई नको. ब्राउझरची वाहतूक आपल्याकडे वळवण्यासाठी काही मालवेअर विंडोजमध्ये १२७.०.०.१ हा, म्हणजे तुमच्याच संगणकाचा, पत्ता प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यामधला मध्यस्थ, म्हणून भरून ठेवते. ते हटवले तरी ती नोंद तशीच राहते आणि ब्राउझर रिकाम्या घराचे दार ठोठावत बसतो. सेटिंग्जमधील ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये जाऊन मॅन्युअल प्रॉक्सी बंद करावा, बहुतेकदा एवढ्यावरच भागते. न भागल्यास डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या सेवेची, नोंद ‘ऑटोमॅटिक’वर आणावी. तरीही अडले, तर कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची विंडोजची खिडकी) अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘नेटश विनसॉक रीसेट’ (netsh winsock reset) ही आज्ञा रोमन लिपीत द्यावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा.