'नोकर', 'दास' की 'गुलाम'? जेफर्सनवर मराठीत लिहिताना

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन याच्यावर मराठी लेख लिहिताना व्हर्जिनिया राज्यातल्या त्याच्या माँटिचेलोच्या मळ्यावरच्या माणसांना 'नोकर' म्हणावं, 'दास' की 'गुलाम'? आणि त्याच्या मालकीच्या, त्याच्यापासून मुलं झालेल्या सॅली हेमिंग्जला 'प्रेयसी' म्हटलेलं चालेल का? 'गुलाम' लिहिलं तर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या माणसाला आधीच दोषी ठरवल्यासारखं होईल, अशी विचारणाऱ्यांना धास्ती आहे.

पण 'नोकर' लिहिल्यानेही बाजू घेतली जातेच, आणि ती मालकाची. व्हर्जिनियातले मळेवाले स्वतःच गुलामांना 'नोकर' म्हणायचे. ऐकायला बरं वाटे. नोकराला पगार मिळतो, नोकरी सोडता येते. जेफर्सनने आयुष्यभरात ६००हून अधिक माणसं मालकीची म्हणून बाळगली, आणि तो गेल्यावर त्याचं कर्ज फेडण्यासाठी जानेवारी १८२७मध्ये माँटिचेलोवर १३० जणांचा लिलाव जाहीर झाला. नोकरांचा लिलाव कोणी करत नाही.

'दास' मराठीत चालणार नाही. रामदास, विष्णुदास ही नावं कानावर असलेल्या वाचकाला त्यात आपखुशीने पत्करलेली भक्ती ऐकू येते.

तेव्हा शब्द 'गुलाम'च. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तिथल्या लोकांना. म्हणजे या संदर्भात हा शब्द मराठीत दीडशे वर्षं रुळलेला आहे. मात्र वाक्याची ठेवण बदलावी असं मी सुचवेन. "त्याच्याकडे गुलाम होते" यात घोडे होते, पुस्तकं होती, तसे गुलाम होते, असा सूर लागतो. "त्याने माणसांना गुलामीत ठेवलं" म्हटलं की कर्ता दिसतो. कायदा, व्यापार, नोंदी यांबद्दल लिहिताना 'गुलाम' पुरेसा आहे. माणसांबद्दल लिहिताना शक्य तिथे त्यांची नावं द्या.

"तो काळच तसा होता" हे वाक्यही जपून वापरा. व्हर्जिनियातल्याच रॉबर्ट कार्टरने १७९१पासून सुमारे ५०० जणांना मुक्त करायला सुरुवात केली. एडवर्ड कोल्स या तरुण शेजाऱ्याने १८१४मध्ये जेफर्सनला पत्र लिहून मुक्तीच्या कामात पुढाकार घ्यायची विनंती केली. जेफर्सनने वयाचं कारण देऊन नकार दिला. कोल्सने पुढे आपल्या ताब्यातल्या लोकांना इलिनॉयकडे नेऊन मुक्त केलं. म्हणजे त्या काळातही दुसरी वाट होती आणि जेफर्सनला ती माहीत होती. जाहीरनाम्याच्या त्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा निषेध होता, तो वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसने गाळला; राष्ट्राध्यक्ष असताना १८०७मध्ये बाहेरून गुलाम आणण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर त्याने सही केली. हेही तितक्याच ठामपणे लिहा.

आता सॅली हेमिंग्ज. १७८७मध्ये ती पॅरिसला त्याच्या घरी पोचली तेव्हा साधारण १४ वर्षांची होती, तो ४४चा. ती त्याच्या दिवंगत पत्नीची सावत्र बहीण, आणि कायद्याने त्याची मालमत्ता. 'प्रेयसी' या शब्दात जी मोकळीक गृहीत असते, ती तिला नव्हती. 'रखेल' त्याहून वाईट, कारण मराठीत त्याचा सगळा डाग बाईवर पडतो. वस्तुस्थितीला सर्वांत जवळचे शब्द आपल्याच पेशवाईत सापडतात: बटीक, कुणबीण, आणि तिच्या मुलाला लेकावळा. विकत घेतलेल्या बायका आणि मालकापासून झालेली मुलं आपल्याकडेही होती, म्हणूनच हे शब्द घडले. पण 'बटीक' आज केवळ लाचारीची शिवी उरली आहे, आणि 'लेकावळा' बहुतेकांना कळणारही नाही. म्हणून सरळ लिहावं: "जेफर्सनने गुलामीत ठेवलेली, त्याच्या मुलांची आई."

एक अडचण मात्र राहते. तिचा मुलगा मॅडिसन याने आपली हकीकत ओहायोतल्या एका वर्तमानपत्रात छापून आणली, तीही १८७३मध्येच. त्यात त्याने आईसाठी 'काँक्युबाईन' हा शब्द वापरला आहे. तो भाग उद्धृत करायचा असेल तर 'रखेल' हा अनुवाद करायला हरकत नाही, पण तो अवतरणचिन्हांत आणि मॅडिसनच्याच तोंडी ठेवा. लेखकाच्या स्वतःच्या वाक्यात तो नको.