विकासाचा आकडा असा निघतो

प्रश्न : अर्थव्यवस्थेच्या आकारात भारत जगात वरच्या रांगेत आहे, मग मानव विकास निर्देशांकात १३०वा कसा? हा आकडा नेमका काढतात कसा?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : साध्या कॅल्क्युलेटरवर होणारं गणित आहे, एकदा स्वतः करून पाहाच. अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साथीने १९९० मध्ये हा निर्देशांक आणला. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५च्या मानव विकास अहवालात भारताचे २०२३चे आकडे आहेत : आयुर्मान ७२ वर्षं, आज शाळेत जाणाऱ्या मुलाला मिळेल असं अपेक्षित शिक्षण १३ वर्षं, पंचविशी ओलांडलेल्यांचं झालेलं शिक्षण सरासरी ६.९ वर्षं, दरडोई उत्पन्न, क्रयशक्तीनुसार (म्हणजे देशोदेशीच्या किमतींतला फरक जुळवून), सुमारे ९,०४७ डॉलर.

प्रत्येक आकडा ठरलेल्या किमान-कमाल मर्यादेत बसवून आधी ० ते १ मध्ये आणायचा. आयुर्मानातून २० वजा करून ६५ने भागा : ०.८००. शिक्षणात १३ भागिले १८ आणि ६.९ भागिले १५, या दोन्हींची सरासरी ०.५९१. उत्पन्नाला १००ने भागून त्याचा लॉग घ्या आणि ७५०च्या लॉगने भागा : ०.६८१. तिन्हींचा गुणाकार करून घनमूळ काढलं की ०.६८५. बरेच जण इथे साधी सरासरी काढतात आणि ०.६९१वर येतात. २०१०च्या आधी तशीच काढत, पण त्यात भरपूर उत्पन्नाखाली शिक्षणातली तूट झाकली जाई.

लॉगमुळे उत्पन्न दुप्पट झालं की निर्देशांकाचा तो भाग ०.१०५नेच वाढतो, मग ते एक हजाराचं दोन हजार होवो की वीस हजारांचं चाळीस हजार. हे मला योग्य वाटतं. खटकतं ते अपेक्षित शिक्षण : त्यात पटावरची नावं मोजली जातात, मूल वाचायला शिकलं का हे नाही.

प्रश्न : ठाणे जिल्ह्याची प्रगती आणि आमच्या भागातली वस्ती, दोन्हींवर प्रकल्प करायचा आहे. कोणते आकडे घ्यावेत?
— एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या (२०१५-१६) आणि पाचव्या (२०१९-२१) फेरीतलं ‘ठाणे’ शेजारी मांडू नका. पालघर १ ऑगस्ट २०१४ला वेगळा झाला, पण चौथ्या फेरीने २०११च्या जनगणनेचे ६४० जिल्हे धरले होते; त्यातल्या ठाण्यात जव्हार-मोखाडा आहेत. पाचव्यात नाहीत. शिवाय नवी मुंबईतले म्हणवले जाणारे खारघर, कामोठे रायगड जिल्ह्यात मोजले जातात.

वस्तीसाठी नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकाची पद्धत वापरा. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान, प्रत्येकाचा भार एक तृतीयांश. एकूण १२ निकष. राहणीमानाच्या सातांना (इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर, वस्तू, बँक खातं) प्रत्येकी १/२१. पोषण, शिक्षणाची वर्षं आणि शाळेतली हजेरी प्रत्येकी १/६; बालमृत्यू आणि मातेचं आरोग्य प्रत्येकी १/१२. घर ज्या निकषांवर वंचित आहे त्यांच्या भारांची बेरीज एक तृतीयांश किंवा जास्त झाली की ते घर गरीब.

एका घराची एकच ओळ ठेवा. निकषवार टक्केवारी आधी काढलीत, तर कोणत्या घरात सगळं एकत्र तुंबलंय ते हरवतं. मोजायची माणसं, घरं नव्हेत : २००पैकी ४० जण गरीब घरांत आणि त्यांची सरासरी वंचितता ०.४५ असेल, तर वस्तीचा निर्देशांक ०.२० गुणिले ०.४५, म्हणजे ०.०९. पोषण विचारून कळत नाही, उंची-वजन घ्यावं लागतं. आणि ऐरोलीजवळच्या दिघ्यासारख्या भागात शौचालय स्वच्छ असलं, तरी दुसऱ्या कुटुंबांसोबत वापरलं जात असेल, तर ते घर त्या निकषावर वंचितच धरायचं.